मांडीवरचा रुमाल

दाजी मोटारीत बसायच्या आधी डोक्यावरचा रुमाल काढत. खरे म्हणजे तो त्यांना काढावाच लागे. लातूरच्या गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, आडत्याचा तो रुमाल, पांढराशुभ्र, वेटोळ्यांवर वेटोळी चढवलेला. आणि मोटारीचे छप्पर इतके ठेंगणे की ताठ बसलेल्या माणसाच्या टाळूवर जेमतेम चार बोटे जागा उरे. पहिल्या दिवशी त्यांनी रुमालासकट आत शिरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दाजी आत गेले आणि रुमाल बाहेर धुळीत पडला. तेव्हापासून रीत ठरली. रुमाल दोन्ही हातांनी उचलायचा, शेजारी बसलेल्याच्या मांडीवर ठेवायचा आणि मग चाक हाती घ्यायचे. शेजारची जागा एकच असल्यामुळे ज्याच्या मांडीवर तो रुमाल दिसे, तो माणूस त्या दिवसापुरता गंजात मोठा ठरे. तहसीलदारांच्या मांडीवर मी तो पाहिला आहे. जिनिंगच्या मालकाच्या मांडीवर पाहिला आहे. आणि तो माझ्याही मांडीवर आला आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गंजात त्यांना सगळे अप्पा म्हणत. हैदराबादेहून शिक्षण आटोपून आलो तो मी त्यांच्याच घरी उतरलो आणि पुढची कित्येक वर्षे तेथेच राहिलो. शाळेतली नोकरी त्यांच्या शब्दाने मिळाली. त्यांच्या पंगतीला मी रोज जेवलो. ज्या माणसाचे इतके अन्न खाल्ले, त्याच्या आठवणीने किळस येते असे लिहायला हात धजत नाही. पण येते, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही. ती सगळी त्यांचीच आहे, असे मात्र मला म्हणता येणार नाही.

मोटार त्यांनी हैदराबादेतल्या कुणा नवाबजाद्याकडून घेतली होती, महायुद्धाच्या थोडे आधी. पोपटी रंग, लांबलचक तोंड, आखूड पाठ, दोन दारे आणि दोनच माणसांची बैठक. पाठीमागे झाकणाची एक पेटी होती. ते झाकण उघडून तिसऱ्या माणसाला तेथे बसवण्याची विलायतेत पद्धत आहे, असे नवाबजाद्याच्या ड्रायव्हरने सांगितले होते. दाजींनी तीत पेट्रोलचे डबे भरले, कारण लातूर सोडले की पुढे पेट्रोल मिळत नसे. घरात त्या वेळी आम्ही अकरा माणसे होतो. शेजारचे दुकानदार म्हणाले, "अप्पा, अकरा जणांत दोघांची मोटार? आनि तीबी शर्यतीत पळायची?"

दाजी खो खो हसले. "मोठी घेतली की पाव्हणे चढतेत, मालक. आज ह्याच्या लग्नाला द्या, उद्या त्याच्या बाळंतिणीला द्या. हिच्यात मागणाऱ्याला जागाच न्हाई. न्हाई म्हनायचं काम मोटारच करती. आपण कशाला वाईट व्हा?"

सगळे हसले. मीही हसलो. दाजींच्या बोलण्यावर न हसणे अवघड होते.

आत बसण्याचे सुख ज्यांना बाहेरूनच दिसले, त्यांना त्या सुखाचा वास ठाऊक नाही. बैठकीचे कातडे वाळून तडकू नये म्हणून दाजी त्याला दर अमावास्येला करडईचे तेल चोळत. मोटेच्या सोंडेला चोळतात, बैलाच्या साजाला चोळतात, तसेच. "कातडं ते कातडं," ते म्हणत, "विलायती असो न्हाईतर चांभारवाड्यातलं." ते तेल कातड्यात मुरेना. ते वर राही, उन्हात तापे आणि खवट होई. त्यावर रस्त्याची धूळ बसून चिकट काळपट थर जमे. त्या थरावर मुंग्या येत. बसणाऱ्याचे धोतर मागून तेलाने माखे आणि उठताना कातडे त्याला सोडत नसे. गंजातली प्रतिष्ठित माणसे मोटारीतून उतरली की आधी मागे हात नेऊन धोतर ओढून सोडवीत आणि मगच नमस्कार करीत. उन्हाळ्यात तो खवट वास, पेट्रोलची वाफ आणि इंजिनाची पायाशी येणारी धग यांमुळे मी तोंड खिडकीबाहेर काढून बसे. दाजींना त्यातले काहीच जाणवत नसे. ते डोळे किलकिले करून म्हणत, "मास्तर, पाळण्यावानी वाटतं का न्हाई?"

त्यांना पानाचे व्यसन होते. मोटार थांबवून थुंकणे त्यांना कमीपणाचे वाटे; त्यामुळे ते चालत्या मोटारीतून पिंक टाकीत आणि वारा ती परत आणून दाराच्या पोपटी रंगावर पसरवी. पुसायचे काम घरातल्या गड्याला नसे, ते स्वतःच करीत, आपल्या जुन्या धोतराच्या फडक्याने, लहान मुलाचे तोंड पुसावे तसे. पोळ्याच्या दिवशी त्यांनी बैलांच्या आधी मोटार ओवाळली. दिव्यांना बेगड लावली, झूल घातली आणि पुढच्या जाळीला तोंड समजून तिच्यात पुरणपोळीचा घास कोंबला. अक्का म्हणाली, "अवं, ती खाती व्हय?" ते म्हणाले, "खाईना का. मान हाय तिचा." पुरण आत तापून करपले, उरलेले आंबले, आणि श्राद्धपक्ष संपेपर्यंत मोटार सुरू झाली की गल्लीत सडक्या गुळाचा वास पसरत असे. लोक नाकाला उपरणे लावून बाजूला होत आणि दाजींना वाटे, आदराने वाट देत आहेत.

मागे जायचा गिअर ते कधीच शिकले नाहीत. लातूरची गोलाई, म्हणजे मधला बाजारचौक, गोल असल्यामुळे गंजात त्याची गरज पडत नसे; फेरी मारली की दुकान आपोआप समोर येई. "मागं जायाचं कामच काय? रस्ता गोल हाय," असे ते ठामपणे सांगत. बाहेरगावी जिथे रस्ता गोल नसे तिथे समोरच्या बैलगाड्या मागे जात. एखाद्या बोळात अडकलेच तर गावची पोरे मोटारीचे ढुंगण उचलून ती फिरवून देत, आणि दाजी आत बसल्या बसल्याच त्यांना शाबासकी देत.

एवढे लिहून वाचले, आणि माणूस वाईट होता असा समज होईल की काय याची भीती वाटली. तो तसा नव्हता. मला हिवतापाने घेरले तेव्हा रात्रंदिवस माझ्या कपाळावर घड्या बदलणारा हाच माणूस होता. घरात त्यांनी कुणावर हात उगारल्याचे मला आठवत नाही. अक्काला बांगड्या भरायला कासार घरी बोलावत आणि रंग स्वतः निवडत. फक्त मोटारीत तिला कधी बसवले नाही.

यात दाजींना काही गैर करतो आहोत असे वाटत नव्हते, आणि त्या काळी फारसे कुणालाच वाटले नसते. दमणीत, बैलांच्या छपरी गाडीत, नवरा पुढे बसे आणि बायको मागे, तट्ट्याच्या आड. या मोटारीला मागे नव्हतेच. बसायचे तर नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, काचेतून साऱ्या गंजाला दिसत. अक्काने एकदा माझ्यादेखत विचारले होते. ती फारसे मागणारी नव्हती, भाकरी थापता थापता, तव्याकडे पाहत म्हणाली, "गोलाईला एक चक्कर मला बी आणा की."

दाजी दचकले. "बाईमाणूस शेजारी घेऊन गोलाईतून जाऊ? लोक म्हणतील अप्पानं नाटकातली आणली."

"काचंला पडदा लावा."

"पडदा लावला तर मोटार कुणाला दिसंल?"

तेही हसले आणि तीही हसली. त्यामुळे आम्ही कुठेही निघालो, निलंग्याला लग्नाला किंवा अहमदपूरला पाहुण्यांकडे, की अक्का सकाळीच दमणीत बसून पुढे जाई आणि दुपारी दाजींची मोटार तिला वाटेत गाठून, भोंगा वाजवून, धुळीच्या लोटात सोडून पुढे निघून जाई. ती मुक्कामी पोहोचे तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. "धूळ खाऊन पोट भरलं," असे ती हसत हसत म्हणे आणि तोंड धुवायला जाई.

अक्काचे माहेर, म्हणजे माझे घर, शिरूर अनंतपाळला. अव्वा, आमची आई, तेथे थोरल्या भावाजवळ असे. एका सकाळी तिकडचा माणूस सायकल हाणत आला. अव्वाने दोन दिवस अन्न सोडले होते आणि गंगूला, म्हणजे अक्काला, बोलव म्हणत होती. मला बोलव असेही म्हणत असेल. पण निरोपात नाव गंगूचेच होते.

अक्काने चुलीतला जाळ ओढला आणि एका फडक्यात एक लुगडे बांधून ती बाहेर आली. दाजी मोटारीजवळ उभे होते. तिने कुणाला विचारले नाही. सरळ मोटारीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि पायरीच्या पट्टीवर पाय ठेवला. अनवाणी पाय, त्यात चांदीची जोडवी. गल्लीतली सात-आठ माणसे ओट्यांवर आली होती.

दाजींनी ओट्यांकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, दमणी जुंपायला सांगितलीया. तू व्हय पुढं. मास्तर, तू बस."

मी अक्काकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती. मला एक वाक्य बोलायचे होते, आणि ते मोठे नव्हते: दाजी, तिला न्या, मी दमणीतून येतो. व्याकरणाला धरून, नेमके, तयार असे ते वाक्य माझ्या जिभेवर होते. मी ते बोललो नाही. दाजींचा शब्द मोडणे मला ठाऊक नव्हते. आणि खोटे कशाला बोलू, अव्वा मलाही पाहायची होती. अक्काने पाय खाली घेतला. दमणीत चढताना तिने फडके छातीशी धरले होते. मी आत बसलो. दाजींनी रुमाल माझ्या मांडीवर ठेवला.

पण निघालो नाही. आधी दाजींनी चहा घेतला. मग काच पुसली, डब्यातले पेट्रोल कापडातून गाळून टाकीत ओतले. गल्लीच्या तोंडाशी दोघा-तिघांनी विचारले, त्यांना सासूबाईंचा आजार सविस्तर सांगितला. निघायला उन्हे कलली. आठ-नऊ मैलांवर दमणी दिसली. दाजींनी सवयीने भोंगा वाजवला. गाडीवानाने बैल बाजूला घेतले. तट्ट्याच्या फटीतून अक्काने बाहेर पाहिले असावे. मला नुसता एक हात दिसला. तेवढ्यात दाजी म्हणाले, "काच वर कर, मास्तर. धूळ येईल."

मी काच वर केली.

आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड होता. दाजींनी मोटार आमच्या घराला लागूनच्या मारुतीच्या देवळापुढच्या अरुंद जागेत आणून उभी केली. अव्वा भिंतीशी उशीला टेकवून बसवलेली होती. मला तिने ओळखले, गालावरून हात फिरवला आणि विचारले, "गंगू?"

"मागून येऊलालीय, अव्वा."

"मागून?" एवढेच ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी बाहेर गेलो. आयुष्यात दाजींजवळ काही मागण्याची माझी ती पहिली वेळ. म्हणालो, "दाजी, परत जाऊन अक्काला आणता का? अजून अंधार पडला नाही."

त्यांनी खरोखर विचार केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मग म्हणाले, "मोटार वळवावी कशी, मास्तर? बोळ बघ की. आनि पेट्रोल जाऊन-येऊन पुरंल का, इचार कर. ती येती. बैल चांगले हायेत."

याच वेळी गावचे पाटील पुढे आले. मोटारीभोवती सगळे गाव जमले होते. पाटील म्हणाले, "अप्पा, पाव्हणं म्हणून सांगतो, आमालाबी एक चक्कर मारा की."

दाजींचा चेहरा उजळला. आठ पोरांनी मोटारीची मागची बाजू उचलली, हाँ हाँ करीत अलगद फिरवली. पाटील आत वाकून शिरले. दाजींनी डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. वेशीपर्यंत गेले, ओढ्याच्या वळणावरून आले, पुन्हा गेले. पाटलांनंतर पाटलांचे भाऊ बसले. प्रत्येक फेरीला देवळापुढे आले की दाजी भोंगा वाजवीत, आणि भोंगा वाजला की आत अव्वा डोळे उघडी. "आली का गंगू?"

किती वेळा, हे मी मोजले नाही. मी दारात उभा होतो. माझ्या धोतराला मागून करडईचे तेल लागलेले होते आणि त्याचा खवट वास त्या खोलीत, अव्वाच्या उशाशी पसरला होता. तोच वास मला अजून येतो.

दिवस उगवायच्या सुमाराला अव्वा गेली. अंधारात रस्ता धड नसल्याने दमणीला वाटेत मुक्काम करावा लागला होता. ती उन्हे वर आल्यावर पोहोचली. आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेल्यावर त्याला आडवे ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हातावर इष्टलिंग ठेवतात. अव्वा तशी बसलेली होती. अक्का उंबऱ्यात आली, नखशिखांत पांढरी, भुवया पांढऱ्या. ती रडली नाही. अव्वासमोर तशीच बसली, फडक्याची गाठ सोडून लुगडे तिच्या पायांवर ठेवले आणि म्हणाली, "अव्वा, मी मागून आले."

दाजी तिथे सर्वांत मोठ्याने रडत होते, आणि ते रडणे खरे होते. थोड्या वेळाने डोळे पुसून ते अक्काजवळ गेले आणि मायेने विचारले, "रस्ता लई खराब होता का?"

ती अव्वाच्या पायांवरचे लुगडे सारखे करत राहिली.

पुढे युद्धात पेट्रोलचे राशन आले. मोटार गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेली. बाहेरची हवाही थोडी बदलली होती. शहराहून आलेले एक डॉक्टर पत्नीला शेजारी बसवून टांग्यातून फिरत. त्या वर्षीच्या दिवाळीला दाजींनी कुठून तरी गॅलनभर पेट्रोल मिळवले, मोटार धुतली आणि अंगणातून हाक मारली, "चल गं. गोलाईला एक चक्कर. आता कोन काय म्हणतंय?"

अक्का दाण्यातले खडे निवडत होती. म्हणाली, "मला धूळ खायची सवय झालीया. काचंच्या आत जीव घाबरंल माझा."

त्या दिवशी ते एकटेच गेले. रुमाल मोकळ्या जागेवर ठेवला होता. मग मोटार हलली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या, विष्ठेने कातडे पांढरे झाले, तरी संध्याकाळी दाजी कोंबड्या हाकलून आत जाऊन बसत. भोंगा दाबून पाहत, तो नुसता फुसकारे. एकदा मला बोलावून शेजारी बसवले. म्हणाले, "मास्तर, त्या दिशी चुकलंच. पर तिला शेजारी घेऊन गेलो असतो तर लोक..." त्यांनी चाकावरून हात फिरवला. तिथेच म्हणाले, "मी गेलो की मला इमानात नेऊ नका. हिच्यातूनच न्या."

विमान म्हणजे आमच्यात मृताला बसवून खांद्यावरून न्यायची सजवलेली पालखी. कावीळ होऊन दाजी गेले ते निजामी राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत. चार माणसे रस्त्यावर एकत्र दिसली तरी लोक दारे लावून घेत. अशात पेट्रोल कुठले? मोटारीला पुढून दोर बांधून बैलजोडी जुंपली. अंत्यविधीला आलेल्या स्वामींनी हरकत घेतली नाही. बसूनच जायचे आहे ना, म्हणाले. भस्म, फुले आणि डोक्याला रुमाल बांधून दाजींना चाकामागे बसवू लागले, तेव्हा रुमाल छपराला अडला. आणि शरीर एका अंगाला कलू लागले. शेजारी बसून कुणीतरी खांदा धरायला हवा होता. जमलेल्यांतले एक वृद्ध अक्काला म्हणाले, "बाई, आता तुमीच बसा. आज तरी तुमचा मान हाय."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती पुढे झाली. वाकून तिने दाजींच्या डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर हातात धरला. मग माझ्याकडे आली.

"बापू, तू बस," ती म्हणाली. "ती जागा तुझीच हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी बसलो. खाली तेच चिकट कातडे होते, तोच खवट वास, त्यात कोंबड्यांची घाण आणि झेंडूची फुले. तिने रुमाल माझ्या मांडीवर ठेवला. एका हाताने मी दाजींचा खांदा धरला. तो गार होता आणि जड होता. बैल हलले. गोलाईतून जाताना दुकानांच्या फळ्या लावलेल्या होत्या. मोटार पाहायला कुणीही बाहेर नव्हते.

अक्का बैलांच्याही पुढे चालत होती, अनवाणी, मागे न पाहता. पावसाने ओढ दिलेली, रस्ता कोरडा होता. तिच्या पावलांची आणि बैलांच्या खुरांची धूळ उठत होती आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून आत येऊन मांडीवरच्या रुमालावर, हातांवर, दाजींच्या भुवयांवर बसत होती. काच वर करावी असे मनात आले. मी केली नाही.